तंबाखूचा भाव आणि अर्थशास्त्राची घराणी

निपाणी शहर कर्नाटकात आहे आणि त्याला लागून असलेले अर्जुननगर महाराष्ट्रात. मधली हद्द पायी ओलांडता येते. अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात शिकणारा मुलगा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची पदवी घेतो. निपाणी गावातल्या के. एल. ई. संस्थेच्या बागेवाडी महाविद्यालयात जाणारा त्याचा शेजारी बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाची घेतो. बेळगावची गोष्ट तर आणखी मौजेची. तेथले लिंगराज महाविद्यालय १९३३ सालचे. ते आधी मुंबई विद्यापीठाकडे होते, कर्नाटक विद्यापीठ निघाल्यावर धारवाडकडे गेले आणि २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झाल्यावर बेळगावातच आले. मध्यंतरी १९५६ साली राज्याची पाटीही बदलली.

एवढी उलथापालथ झाली, पण एक गोष्ट जागची हलली नाही. या भागातला विद्यार्थी कोणत्याही विद्यापीठाचा असो, बी. ए. ला अर्थशास्त्र घेऊन बसला की पहिल्या काही आठवड्यांतच त्याच्या वहीत तीच आकृती उमटते. मागणीची रेषा वरून खाली येते, पुरवठ्याची खालून वर जाते, आणि दोघी जिथे छेदतात तिथे 'समतोल किंमत'. पुढे 'सीमांत उपयोगिता', 'सीमांत खर्च', 'सीमांत उत्पन्न'. सीमाभागातल्या पोराला 'सीमांत' या शब्दाचे वावडे असण्याचे कारण नाही. आकृतीही खोटी नाही. ती शिकलीच पाहिजे. प्रश्न इतकाच, की तेवढ्याने त्याचे अर्थशास्त्र झाले का?

त्या वर्गातल्या एका बाकाकडे पाहा. एकाचे वडील दोन एकरांत तंबाखू लावतात. दुसरीची आई वखारीत तंबाखू चाळते. तिसऱ्याच्या चुलत्याची वखार आहे. तंबाखूचा भाव वाढला की एकाच्या घरी लग्न ठरते, दुसरीच्या घरी कशाचाच पत्ता लागत नाही आणि तिसऱ्याच्या घरी कपाळाला आठी पडते. भाव एक आणि अर्थ तीन. शास्त्र जर एकाच खिडकीतून हा भाव दाखवीत असेल, तर बाकावरच्या दोघांना आपले घर त्या शास्त्रात कुठेच दिसत नाही. मग ते काय करतात? पाठ करतात, पास होतात आणि विसरतात.

यावर एका गाण्याच्या मास्तराने का बोलावे, असे वाचक विचारतील. मी दरबारी गवयाचा मुलगा, मुलांना स्वर लावायला शिकवून पोट भरतो. अर्थशास्त्राच्या पंडितांना शिकवण्याचा माझा अधिकार नाही. परंतु एकाच विद्येच्या अनेक परंपरा असल्या तर त्या कोवळ्या शिष्यापुढे कशा मांडाव्यात, हा प्रश्न आमच्या धंद्यात शंभर वर्षे घासून घासून गुळगुळीत झाला आहे. त्यातले थोडे शेजारधर्म म्हणून अर्थशास्त्राच्या अंगणात टाकावे, एवढाच हेतू.

एक राग, अनेक घराणी

कोल्हापूर दरबारी अल्लादिया खाँसाहेब होते, मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेब होते. दोन्ही गावांत अंतर ते किती! पण दोघांच्या गायकीत जमीन-अस्मानाचा फरक. यमन घ्या. ग्वाल्हेरचा गवई बंदिशीचा आराखडा आधी स्वच्छ उभा करील. आग्र्याचा बोलांतून लय खेळवील. किराण्याचा एकेका स्वरावर रेंगाळेल. जयपूरचा आवर्तनाच्या वळणाबरोबर पेचदार तानेची वीण घालीत समेवर येईल. राग एकच, स्वर तेच. पण कशाला आधी हात घालायचा, कशावर वेळ द्यायचा आणि काय सोडून द्यायचे, हे प्रत्येक घराण्याने आपापल्या परीने ठरवलेले असते. घराणे म्हणजे दुसरे काय? काय ऐकायचे आणि काय ऐकू येऊ द्यायचे नाही, याची शिस्त.

अर्थशास्त्रातही अशीच घराणी आहेत, आणि ती काही लहानसहान नव्हेत. त्यांच्यातल्या वादावर राज्ये उभी राहिली आणि कोसळली. तेव्हा निपाणीच्या तंबाखूचा भाव हाच एक राग धरू आणि कोण तो कसा गातो ते ऐकू.

निपाणीचा भाव

पहिले घराणे ते वहीतल्या आकृतीचे. आल्फ्रेड मार्शल या केंब्रिजच्या प्राध्यापकाने १८९० साली आपल्या ग्रंथात मागणी-पुरवठ्याला कात्रीच्या दोन पात्यांची उपमा दिली, आणि ती कात्री आजतागायत कापते आहे. या घराण्याचे म्हणणे असे, की पीक जास्त आले तर भाव पडणारच. पडलेला भाव शेतकऱ्याला सांगतो, की पुढल्या वर्षी थोडे कमी लाव, दुसरे काही लाव. यात तथ्य आहे. ज्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक धरले, त्या वर्षी काय झाले ते सीमाभागातल्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा.

पण त्याच केंब्रिजमधून आलेल्या जोन रॉबिन्सन या बाईंनी १९३३ साली या घराण्याला आतूनच एक सवाल केला. कात्री नीट कापते ती घेणारेही पुष्कळ आणि विकणारेही पुष्कळ असतात तेव्हा. विकणारे हजार आणि घेणारा एक, किंवा आपसांत समजून वागणारे चार-दोन असतील तर काय? तर भाव घेणाऱ्याच्या बाजूला झुकतो, असे त्यांनी गणिताने दाखवले. संस्थानी नगरीतल्या वाचकांना एक गोष्ट ऐकून गंमत वाटेल. या बाईंचे यजमान ऑस्टिन रॉबिन्सन हे १९२६ ते १९२८ या काळात ग्वाल्हेरच्या अल्पवयीन शिंदे महाराजांचे शिक्षक होते, आणि जोनबाईही तेव्हा ग्वाल्हेरला राहिल्या होत्या. घराण्यांच्या गावात राहून गेलेल्या बाईने अर्थशास्त्राच्या घराण्याला अशी मुरड घालावी, हा योगायोगच म्हणायचा!

निपाणीकडे बिडीच्या तंबाखूची खरेदी मुख्यतः खाजगी व्यापारातून होत आली. माल शेतकऱ्याच्या अंगणात, भाव व्यापाऱ्याच्या तोंडात, कडता तराजूपाशी आणि घरात आधीच घेतलेल्या उचलीचा बोजा. अशा ठिकाणी 'समतोल किंमत' हा शब्द वापरण्यापूर्वी विद्यार्थ्याने विचारले पाहिजे, की हा तोल कोणी धरला आहे?

दुसरे घराणे मार्क्सचे. 'भांडवल' या ग्रंथाचा पहिला खंड १८६७ सालचा. हे घराणे तराजूकडे न पाहता वखारीच्या आत जाते. तिथे नाकातोंडाला फडके बांधून तंबाखू चाळणाऱ्या, कुटणाऱ्या बायका असतात. त्यांनी दिवसभरात मालात जेवढे मोल घातले आणि जेवढी मजुरी त्यांच्या हाती पडली, त्या दोहोंतली तफावत कोणाच्या घरी गेली, एवढाच या घराण्याचा प्रश्न, पण फार टोकदार. निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांनी संघटना बांधली, त्यांच्यावर 'युगांतर' या गटाने १९८२ साली एक माहितीपट केला. तो वर्गात दाखवला तर मार्क्सवरील दोन व्याख्यानांचे काम होईल. आणि चाळण्या-कुटण्याचे काम बायकांकडेच का, घरी बिडी वळणाऱ्या बाईचे कष्ट हिशेबात येतात का, हे त्या पुढचे प्रश्न. ते मार्क्सच्या घराण्यालाही अडचणीत टाकतात.

तिसरे घराणे आपल्या मातीत उगवलेले. शरद जोशी सिडनहॅम महाविद्यालयात वाणिज्य शिकले, टपाल खात्यातून स्वित्झर्लंडला गेले, तिथली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले, आणि हिशेब मांडता मांडता शेतकरी संघटनेपर्यंत आले. १९८१ च्या मार्च महिन्यात निपाणीला पुणे-बंगलोर महामार्गावर तंबाखू उत्पादक हजारोंच्या संख्येने बैलगाड्यांसह ठाण मांडून बसले. एप्रिलच्या ६ तारखेला गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या रस्त्यावर जोशींनी जे मांडले ते वर्गातल्या फळ्यावर आलेच पाहिजे. ते असे. शेतमालाचा भाव आपोआप पडत नाही, तो पाडला जातो. शहरांना आणि कारखान्यांना अन्न व कच्चा माल स्वस्त मिळावा, असेच धोरण आखलेले असते. शेतकऱ्याच्या घरच्या माणसांची मजुरी धरून उत्पादन खर्च काढा, म्हणजे शेती हा तोट्याचा धंदा का ते कळेल. येथे शोषणाची रेघ मालक आणि मजूर यांच्यामध्ये पडत नाही, 'इंडिया' आणि 'भारत' यांच्यामध्ये पडते. मार्क्सवाद्यांना हे रुचले नाही. आणि हेच जोशी पुढे दहा वर्षांनी डंकेल प्रस्तावाचे, खुल्या व्यापाराचे समर्थन करू लागले, तेव्हा त्यांना डावे समजणारेही बुचकळ्यात पडले. ज्याला दोनच घराणी ठाऊक आहेत त्याला जोशी कळत नाहीत.

चौथे घराणे संस्थांचे, म्हणजे माणसांनी एकत्र येऊन घातलेल्या नियमांचे. आपल्याकडे याचे मोठे नाव धनंजयराव गाडगीळ. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची धुरा १९३० पासून त्यांच्याकडे होती, आणि लोणीच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत ते विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने उभे राहिले. या घराण्याचा विद्यार्थी निपाणीत एक साधी गोष्ट पाहील. याच पट्ट्यात संकेश्वरला हिरण्यकेशी, निपाणीला हालसिद्धनाथ असे सहकारी साखर कारखाने निघाले. उसाला कायद्याने किमान दर ठरतो. शेजारच्या बांधावरच्या तंबाखूला मात्र हमीभावाच्या यादीत जागा नाही. जमीन तीच, पाऊस तोच, शेतकरीही पुष्कळदा तोच. मग एका पिकाभोवती सहकार का जमला आणि दुसऱ्याभोवती का नाही? ऊस तोडला की लगेच गाळावा लागतो, तंबाखू ठेवता येतो, हे कारण? की तंबाखूची प्रत नजरेने आणि नाकाने ठरते आणि ती पारख व्यापाऱ्याकडे असते, हे? की राजकारण? उत्तर पुस्तकात सापडणार नाही. विद्यार्थ्याला गावात हिंडावे लागेल.

आणखी एक घराणे पिगूचे. १९२० च्या आपल्या ग्रंथात त्याने दाखवले, की सौदा दोघांचा असला तरी त्याची झळ तिसऱ्याला बसू शकते, आणि ती झळ भावात दिसत नाही. बिडी ओढणाऱ्याच्या छातीतला खोकला, वळणाऱ्या बाईच्या फुप्फुसातली धूळ, सरकारी दवाखान्याचा खर्च, हे सारे तंबाखूच्या भावात कुठे आहे? तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारावर भारताने २००४ साली मान्यतेची मोहोर उमटवली आहे. तेव्हा भाव वाढवून द्या म्हणणारा शेतकरी आणि खप घटवा म्हणणारा डॉक्टर, दोघांनाही एकाच वर्गात बोलू द्यावे लागेल.

हे बाहेरून आलेले नाही

'अनेक विचारसरणी शिकवा' ही हल्ली परदेशातून आलेली टूम आहे, असे कोणी म्हणेल. परदेशात ती चळवळ झाली हे खरे. २००० साली फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांनी जाहीर पत्रक काढून, आम्हाला काल्पनिक जगाचे गणित नको, असे बजावले. नोव्हेंबर २००८ मध्ये इंग्लंडची राणी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेली असता, एवढे मोठे आर्थिक संकट येताना कोणालाच कसे दिसले नाही, असा सरळ प्रश्न तिने विचारला. २०११ साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी प्रास्ताविक अर्थशास्त्राच्या तासातून उठून जाऊन निषेध केला. पुढच्या वर्षी मँचेस्टरला विद्यार्थ्यांनी याच कामासाठी मंडळ काढले, आणि २०१४ साली अनेक देशांतल्या विद्यार्थी संघटनांनी मिळून एक खुले पत्र प्रसिद्ध केले. दरम्यान काही प्राध्यापकांनी 'कोअर' नावाचे पाठ्यपुस्तक तयार करून ते इंटरनेटवर सर्वांना मोफत खुले केले. त्यात विषमता, हवामान, सत्ता हे विषय पहिल्यापासून घेतले आहेत. तरी त्यावरही टीका झाली, की खिडकी रुंद केली पण घर तेच राहिले.

पण आपल्याला हा धडा घ्यायला इतक्या लांब जायची गरज काय? न्यायमूर्ती रानड्यांचे बालपण आपल्या कोल्हापुरात गेले. त्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 'हिंदी अर्थशास्त्र' या विषयावर जे व्याख्यान दिले त्याचे सार हेच होते. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत सांगितलेले नियम त्रिकालाबाधित नाहीत. स्पर्धा, करार, मजुरांची आणि भांडवलाची मोकळी ये-जा, या गृहीतांवर ते उभे आहेत. आपल्याकडे रूढी आणि जन्माने ठरलेले स्थान यांचेच राज्य चालते. हे सांगताना रानड्यांनी नुसती तक्रार केली नाही. युरोपातल्या विचारपरंपरा एकामागून एक उलगडून दाखवल्या, इंग्रजांच्या मताला जर्मनीतल्या फ्रीड्रिख लिस्टच्या मताशी ताडून पाहिले, आणि मग आपले मत ठेवले. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा नमुना-पाठ आहे.

दुसरा नमुना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. एप्रिल १९२५ मध्ये बहिष्कृत वर्गाच्या प्रांतिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून ते याच निपाणीला आले होते. समाजक्रांतीचे पुढारी म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यापूर्वी ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९१८ सालच्या निबंधात त्यांनी लहान शेतांच्या प्रश्नाची नेहमीची मांडणी उलटी केली. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर किती भांडवल आणि किती हात आहेत यावर ठरते. आणि हात जादा झाले असतील तर त्यांना उद्योगात काम मिळाले पाहिजे. दोन एकरांच्या तंबाखूवाल्याला हे वाचून दाखवा, तो मान हलवील. १९२३ च्या 'रुपयाचा प्रश्न' या ग्रंथात तर त्यांनी चलनाच्या बाबतीत खुद्द केन्सच्या मताला छेद दिला. त्याहून शिकण्यासारखी गोष्ट त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आहे. ती लिहिली त्यांचे लंडनचे गुरू एडविन कॅनन यांनी, आणि त्यात गुरूंनी स्वच्छ नोंदवले आहे, की शिष्याच्या पुष्कळ मतांशी आपण सहमत नाही. तरी ग्रंथाचे कौतुक केले आहे. गुरूने शिष्याच्या विरुद्ध मताला आपल्या सहीनिशी वाट करून द्यावी, याहून उत्तम अध्यापन कोणते?

तिसरा नमुना १९५५ चा. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली अर्थशास्त्रज्ञांचे मंडळ बसले. त्यात गाडगीळ होते, वकील होते, आणि दक्षिण कन्नडकडचे बी. आर. शेणॉयही होते. तुटीच्या अर्थभरणीवर आणि नियंत्रणांवर शेणॉयांनी एकट्याने भिन्नमतपत्रिका जोडली. तेव्हा ती बाजूला पडली. पुढे १९९१ नंतर लोकांनी ती पुन्हा उघडली. ज्या वर्गात त्या वेळचे बहुमत तेवढेच शिकवले जाते, त्या वर्गातल्या मुलांना १९९१ साली काय बदलले आणि का, हे उमजत नाही.

खिचडीची भीती

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते पोकळ नाहीत. जाणते प्राध्यापक म्हणतात, की पहिल्या वर्षाच्या मुलाला एक रीत धड येत नाही, तिथे पाच रीती दाखवल्या तर डोक्यात खिचडी होईल. आमच्याकडेही वडीलधारी मंडळी हेच म्हणत. वडिलांच्या तालमीत तर दुसऱ्या घराण्याची तान चुकून गळ्यातून निघाली की तंबोरा खाली ठेवला जाई. त्या कडकपणात शहाणपण होते. षड्ज ठरला नाही, तर कोणतेच घराणे गळ्यावर चढत नाही.

परंतु आमच्याच इतिहासात दुसरी बाजूही आहे. भास्करबुवा बखले ग्वाल्हेरची तालीम फैज महंमद खाँकडून, आग्र्याची नत्थन खाँकडून आणि जयपूरची अल्लादिया खाँकडून घेऊन आले. गजाननबुवा जोशींनीही याच तीन घराण्यांची तालीम घेतली. आणि बेळगावजवळच्या सुळेभावीचा एक मुलगा मुंबईला बी. आर. देवधरांच्या विद्यालयात गेला. देवधर मूळचे मिरजेचे, विष्णु दिगंबरांचे शिष्य. पण त्यांच्याकडे निरनिराळ्या घराण्यांच्या उस्तादांची ये-जा असे आणि सगळ्यांच्या बंदिशींना दार उघडे असे. तो मुलगा म्हणजे कुमार गंधर्व. त्यांच्या गाण्याची खिचडी झाली असे कोण म्हणेल?

यांतून निघणारा धडा असा. अनेक घराणी शिकणे वेगळे आणि अनेक घराण्यांची नावे शिकणे वेगळे. खिचडी होते ती दुसऱ्याने. अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात 'आर्थिक विचारांचा इतिहास' असा विषय पुष्कळ ठिकाणी असतो. पण तो बहुधा असा शिकवला जातो: स्मिथचे जन्मवर्ष, रिकार्डोचा खंडसिद्धांत, मार्क्सवर टीप लिहा, रानड्यांवर टीप लिहा. ही जंत्री झाली. वीस रागांचे आरोह-अवरोह पाठ असणाऱ्याला आपण गवई म्हणत नाही. उलट, एक रीत पक्की बसवून मग तोच यमन दुसऱ्या घराण्याच्या गवयाकडून समोर बसून ऐकवला, तर शिष्याला पहिल्यांदाच उमजते, की आपण जे 'गाणे' समजत होतो ती गाण्याची एक पद्धत होती. ते उमजणे हेच शिक्षण. म्हणून नावे पाच नकोत, प्रश्न एक हवा आणि तो पाच जणांनी गायला हवा.

जिथे गाण्याची उपमा संपते

इथे मात्र मला माझ्याच उपमेला आवर घातला पाहिजे. गाण्यात किराण्याचा यमन आणि जयपूरचा यमन दोन्ही खरे असतात. ज्याला जो रुचेल तो त्याने ऐकावा. अर्थशास्त्रात असे म्हणून भागत नाही. तिथे घराण्यांचे वाद पुष्कळदा पुराव्याने तपासता येतात, आणि तपासलेच पाहिजेत. 'ज्याचे त्याचे मत' म्हणून हात झटकणारा प्राध्यापक हा एकच मत लादणाऱ्याइतकाच आळशी.

एक उदाहरण. किमान वेतन वाढवले की रोजगार घटतो, असे आकृतीचे घराणे सांगे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने १९९२ साली किमान वेतन वाढवले, तेव्हा कार्ड आणि क्रूगर या दोघांनी हद्दीपलीकडच्या पेनसिल्व्हेनियातल्या खाणावळींशी त्याची तुलना केली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात रोजगार घटल्याचे दिसले नाही. त्यावर वाद झाले, अजून होतात. कार्ड यांना २०२१ साली नोबेल मिळाले. वाचकांच्या लक्षात आलेच असेल, की हा अभ्यास राज्याच्या हद्दीमुळे शक्य झाला. एका बाजूला एक नियम, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि मधे साधा रस्ता. निपाणी-अर्जुननगरच्या विद्यार्थ्यांना ही सोय घरबसल्या मिळालेली आहे. बिडी कामगारांची किमान मजुरी दोन राज्यांत वेगवेगळी ठरते. तिचा काय परिणाम होतो हे शोधण्यासाठी यापेक्षा चांगली प्रयोगशाळा कुठे मिळेल? ज्या हद्दीने आपल्याला आजवर भांडणेच दिली, तिच्याकडून थोडी विद्याही वसूल करावी.

काय करता येईल

मोठ्या सुधारणांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवते, पण उदाहरण प्राध्यापक निवडतो. सत्रात एक प्रश्न निवडावा. तंबाखूचा भाव घ्या, उसाचा दर घ्या, बेळगावच्या ओतशाळेतली मजुरी घ्या. मागणी-पुरवठ्याची आकृती आधी पक्की करून घ्यावी, मग त्याच प्रश्नावर तीन-चार घराणी बोलू द्यावीत, आणि प्रत्येकाची बाजू त्याच्या कट्टर अनुयायाला पटेल इतक्या प्रामाणिकपणे मांडावी. हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या महाविद्यालयांनी वर्षातून एकदा मुलांना एकत्र बसवावे. एकाने मराठीत वाचावे, दुसऱ्याने कानडीत. भावाला कानडीत काय म्हणतात ते ठाऊक नसलेला तंबाखूचा शेतकरी इकडे सापडायचा नाही, मग विद्यार्थ्यांनाच ती अडचण का वाटावी?

आणि परीक्षेत 'टीपा लिहा' ऐवजी असा प्रश्न यावा: तंबाखूच्या भावाविषयी कोणत्याही दोन विचारसरणींचे म्हणणे मांडा, त्या एकमेकींना कुठे छेद देतात ते दाखवा, आणि कोणती माहिती हाती आली तर कोणाचे म्हणणे टिकेल ते सांगा. या प्रश्नाचे तयार उत्तर गाईडात मिळणार नाही. म्हणूनच तो विचारावा.

या शिक्षणाने तंबाखूचा भाव एका रुपयानेही वाढणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण ही मुले उद्या सोसायटीत हिशेब लिहितील, बँकेत कर्ज मंजूर करतील, वखार चालवतील, कामगारांच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलायला उभी राहतील, ग्रामपंचायतीत निवडून येतील. त्यांच्यासमोर कोणी येऊन ठासून सांगेल, की भाव हा असाच असतो, त्याला इलाज नाही. दुसरा तितक्याच ठासून सांगेल, की सगळा दोष व्यापाऱ्याचा. दोघांचेही म्हणणे नीट ऐकून घेऊन, 'हे कोणत्या गृहीतावर उभे आहे?' असे ज्याला शांतपणे विचारता येते, त्याला फसवणे कठीण जाते. तंबाखू पिकवणाऱ्या, चाळणाऱ्या आणि विकणाऱ्या घरांतली मुले एका बाकावर बसतात ती तीन वर्षेच. एकमेकांचा हिशेब समजून घ्यायला ती तीन वर्षे पुरतात, जर गुरुजींनी तो फळ्यावर मांडला तर.